आधी वॉर्डाच्या रिती तपास, मग आजींच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी सिस्टर नोकरीला लागून चार महिने झालेत. खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलेल्या बहात्तर वर्षांच्या आजी सकाळच्या ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, लिस्टवर होत्या. कुडी निघाली, जोडवी निघाली, पण गळ्यातली तुळशीची माळ आजी काढू देईनात. दोनदा समजावून झाल्यावर हिनं कात्री आणली. आजींनी माळ मुठीत धरून रडायला सुरुवात केली, मुलगा भांडायला उठला, आतून ओरडा आला आणि केस सोमवारवर गेली. ती विचारते, "कॉलेजात शिकवलं, रुग्णाच्या संस्कृतीचा आदर करा. ओटीच्या फॉर्मवर 'सर्व दागिने व धागेदोरे काढले' याखाली सही माझी. कुणाचं ऐकू? आणि एवढ्या जाती-धर्मांच्या रिती लक्षात तरी कशा ठेवायच्या?"

मी एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली, शेवटची अकरा परिसेविका म्हणून. बहुतेक मराठवाड्यात. नव्या सिस्टरला अहो-जाहो करायची सवय नाही मला, म्हणून तू म्हणते. राग मानू नकोस.

रिती पाठ करण्याच्या भानगडीत पडू नकोस. "जैन असे, मुसलमान तसे, तांड्यावरचे अमुक" अशी वही मीही नोकरीच्या सुरुवातीला केली होती. मोठ्या हौसेनं केली होती. ती वही कशी बुडाली ते सांगते.

मेल मेडिकलची नाइट होती. एक म्हातारे गृहस्थ शेवटच्या घटका मोजत होते, मुलगा आणि सून उशाशी. केसपेपरवरचं आडनाव आमच्या गल्लीतल्या एका मराठा कुटुंबाचं. मी माझ्या कपाटातून गंगाजलाची बाटली आणि तुळशीचं पान आणलं. आपण किती समजूतदार, असंही मनात वाटून गेलं असणार. मुलानं बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळू आवाजात म्हणाला, "सिस्टर, आम्ही बौद्ध आहोत. बाबांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतलीय. हे नको." ज्या माणसानं १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांमागे बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, आयुष्यभर पाळल्या, त्याच्या ओठांवर मी शेवटच्या घटकेला गंगाजल घालायला निघाले होते. सून खाली बसून त्रिशरण-पंचशील म्हणायला लागली. मी बाटली पदराआड धरून उभी. मुलगा एका शब्दानं रागावला नाही, आणि तेच जास्त लागलं.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. शेवटचं दिसू लागलं की नातेवाइकांना बाजूला घेऊन एवढंच म्हणायची, "तुमच्यात काही करायचं असेल, वाचायचं असेल, कुणाला बोलवायचं असेल तर सांगा. मी पडदा लावून जागा करून देते." या एका वाक्यावर मी कलमा ऐकला, हरिपाठ ऐकला, एका घरानं पेशंटच्या कानाला मोबाइल लावून दुबईतल्या मुलाचा आवाज ऐकवला. ते कुठल्या वहीत असतं? एकाच आडनावाची, एकाच जातीची दोन घरं दोन तऱ्हेची असतात. एकाच घरातली सासू आणि सूनसुद्धा.

आता दुसरी वही. ती कुणी करत नाही, आणि माझ्या मते खरं काम तिथेच आहे. ती वही आपल्या रितींची. आपण वॉर्डातली माणसं स्वतःला विज्ञानाची समजतो आणि पेशंटला रूढींचा. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. न्यूझीलंडमध्ये इरिहापेती रॅम्सडेन नावाच्या माओरी परिचारिकेनं १९९० च्या आसपास हाच मुद्दा लावून धरला होता, आणि तिथल्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात तो घ्यायला लावला. माओरींच्या चालीरीतींचे धडे देत बसू नका, नर्सनं आधी स्वतःकडे आणि स्वतःच्या हातातल्या अधिकाराकडे बघावं. आणि आपण नीट वागलो की नाही, हे पेशंटनं सांगायचं. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. आधी मिळतं तर गंगाजलाची बाटली कपाटातच राहिली असती.

बघ, "रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही" हा आपला नियम. ज्याचा नंबर दुपारी दीडला लागणार तोही रात्री बारापासून कोरडा. भूलशास्त्राच्या सध्याच्या सूचना सांगतात की साधारण पेशंटला हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास पुरतात. मग पाण्याविना काढलेले वरचे साडेअकरा तास काय? तो आपला निर्जळी उपास. हरतालिकेला नाकं मुरडणाऱ्या आपणच तो लोकांना घडवतो. (भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पाणी पाजू नकोस हं, नाहीतर माझं नाव सांगशील.)

नवऱ्याच्या सहीचंही तेच. बाई सज्ञान, शुद्धीवर, स्वतः हो म्हणतेय, आणि आपण नवऱ्याला मुंबईहून बोलावतोय. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कुठेच मागितलेली नाही. २००८ साली समिरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की पेशंट सज्ञान असताना, तिला भूल दिलेली असताना, आईकडून घेतलेली संमती धरता येत नाही. म्हणजे "नवऱ्याला विचारल्याशिवाय यांच्यातल्या बायका सही करत नाहीत" असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा ती अट आपल्याच खिडकीवर लावलेली असते. एखादीला खरंच नवऱ्याशी, सासूशी बोलायचं असतं. वेळ असेल तर बोलू दे, तो तिचा हक्क. पण विचार तिला, आणि एकटीला विचार.

पेशंटला "बारा नंबर" म्हणून हाक मारणं, बाळंतपणाच्या खोलीतून आईला बाहेर काढणं, भेटीची वेळ चार ते सहा, या सगळ्या आपल्या परंपरा. लेबर रूममध्ये सोबतीला एक बाई असावी, हे आता सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही लिहिलेलं आहे, २०१७ पासून. तरी दार लावतोच आपण.

दवाखान्यानं स्वतःच्या रिती बदलल्या तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' सुरू केलं. गोंड लोक दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं अशी आली, की मोठ्या इमारतीत हरवल्यासारखं होतं, डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात असतात आणि आम्ही पांढऱ्यात मढं गुंडाळतो, आमच्या माणसांना आत राहू देत नाहीत, आणि तिथे देव नाही. मग शोधग्राममध्ये दवाखाना बांधला तो गोंडांच्या गावासारखा, झोपड्यांचा, पेशंटसोबत घरची माणसं राहतील असा, आणि त्याला नाव दिलं 'माँ दंतेश्वरी दवाखाना'. यातल्या एकाही बदलानं औषधाच्या गोळीत फरक पडला नाही. आपल्या हातात इमारत नसते, मान्य. पण पांढरी चादर तोंडापर्यंत ओढून स्ट्रेचरवरून पेशंट नेऊ नये, एवढं तर आपल्या हातात आहे. एक्स-रेला जाणाऱ्या जिवंत बाईला आमच्या वॉर्डबॉयनं थंडी म्हणून असं झाकून नेलं होतं, आणि दारातल्या नातेवाइकांनी हंबरडा फोडला होता.

आता भाषा. संवेदनशीलता-संवेदनशीलता म्हणतात ती माझ्या अनुभवात निम्मी शब्दांतच असते.

नववा संपत आलेली एक पोर, रक्तदाब चढलेला, दोन्ही हात सुजून भाकरीसारखे, आणि कोपरापर्यंत हिरवा चुडा. ओटीभरणात भरलेला. शीर सापडेना. इंटर्न चिडून म्हणाला, "सिस्टर, फोडून टाका त्या बांगड्या." पोरीच्या आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. सासू म्हणाली, "भरल्या हाताला असं बोलतात का हो?" पोरगं हिंदीभाषक राज्यातून आलेलं, त्याला काही कळेना. आपल्याकडे बांगड्या फुटतात त्या नवरा गेल्यावर. एरवी बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणतात, मंगळसूत्र तुटलं तरी 'वाढवलं', दिवासुद्धा विझवत नाहीत. मी आईला म्हटलं, "मावशी, हाताला सूज आलीय, काच रुतेल. बांगड्या जरा वाढवू या का? एकेक ठेवते दोन्ही हातांत." लगेच हो म्हणाल्या. सलाइनच्या प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा हातावर चढवला, साबणाचं पाणी घातलं आणि एकेक बांगडी त्यावरून घसरवली. बारातल्या दहा निघाल्या, त्यातली एक तडकली तेव्हा सासूच म्हणाली, "वाढली, वाढली, असू दे." काढलेल्या तिच्याच ओच्यात दिल्या, मोजून. शीर मिळाली. सगळं मिळून सहा-सात मिनिटं लागली. भांडण झालं असतं तर अर्धा तास गेला असता.

जाता जाता, डिस्चार्ज देताना सवयीनं "या पुन्हा" म्हणू नकोस. दवाखान्यात तेवढं एक चालत नाही.

शब्दांचा दुसरा भाग म्हणजे त्यांचे शब्द ओळखणं. "अंगावरून जातं", "बाहेरची बसलेय", "पोट पडलं", "वारं गेलं", "डोक्यात फरक पडलाय". गडचिरोलीतल्याच दोन गावांत राणीताईंनी केलेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. एवढ्या बायका गप्प का राहतात? आपण ओपीडीत दहा जणांसमोर मोठ्यानं "व्हाइट डिस्चार्ज आहे का?" विचारतो म्हणून. पडद्याआड, कपड्यांच्या घड्या करत करत, "अंगावरून पांढरं जातं का गं? वास येतो का?" असं विचार, मग बघ.

आणि एक प्रश्न मी हमखास विचारते, "तुम्हाला काय वाटतं, हे कशानं झालं?" त्याच्या मागोमाग "इथे यायच्या आधी काय काय करून झालं?" दुसरा प्रश्न विचारताना तोंडावरची रेषा हलू द्यायची नाही. नागीण घे. कमरेला फोड उठलेत, वर गेरूचा लेप, आणि पेशंटच्या डोळ्यांत भीती की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस मरतो. तू लेपावर हसलीस तर पुढच्या वेळी तो आधी आठ दिवस लेपच लावेल, आणि नागिणीची गोळी पहिल्या ७२ तासांत चालू झाली तरच नीट लागू पडते. म्हणून मी सांगायची, "तोंड-शेपूट जुळू नये म्हणूनच लवकर गोळी. ही नस एका बाजूचीच असते, फोड त्या बाजूलाच राहतात." दोन्ही वाक्यांतलं पहिलं शंभर टक्के शास्त्रशुद्ध नाही, कबूल. (एड्सच्या किंवा प्रतिकारशक्ती गेलेल्या पेशंटला फोड पसरूही शकतात, तिथे असं बोलू नये.) काविळीचंही तसंच. गळ्यात मुळ्यांची माळ असेल, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ 'उतरवली' असेल, तर असू दे, माळेनं लिव्हरचं काही बिघडत नाही. पोटात घेतलेली जडीबुटी मात्र शोधून काढ. तेवढ्यासाठीच तर न हसता विचारायचं.

उपास-रोज्यांवर थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे आपण गप्प बसलो की माणसं मरतात. एक रिक्षावाले चाचा दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणारे. रमजानमध्ये संध्याकाळी पाचला घामाघूम होऊन रिक्षातच कोसळले, साखर ४८. रोजा ठेवल्याचं ओपीडीत सांगितलं का नाही? म्हणे मागच्या वर्षी डॉक्टरसाहेब ओरडले होते, "मरायचंय का?" तेव्हापासून चाचा रोजा ठेवायचे आणि सकाळचा पूर्ण डोसही टोचून घ्यायचे. ओरडण्यानं रोजा थांबला नव्हता, फक्त आपल्यापासून लपला होता. पुढच्या वर्षी त्यांना रमजानच्या दोन महिने आधी बोलावलं. फिजिशियनांनी मोठा डोस इफ्तारकडे फिरवला, सहरीचा कमी केला. बोटातून रक्त तपासल्यानं किंवा सुई टोचल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात, आजाऱ्याला सूटही कुराणातच दिलेली आहे. हे आम्ही नाही, त्यांच्या मशिदीतल्या मौलवीसाहेबांनीच त्यांना सांगितलं. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा, हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. ज्यांची किडनी गेलीय किंवा साखर वारंवार पडते त्यांना ठेवूच नका म्हणून सांगावं, पण ओरडून नाही.

आता हिंदूंच्या उपासाबद्दल आपण असं कधी विचारतो का? मुसलमान पेशंटला रमजान विचारणाऱ्या सिस्टरलाही संकष्टी, एकादशी, नवरात्र विचारायचं सुचत नाही, कारण ते आपल्या घरचं. साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्यानं मधुमेहाची साखर कुठल्या कुठे जाते. त्याहून वाईट डायलिसिसचे पेशंट. रताळं, बटाटा, केळं, शेंगदाणे, नारळपाणी ही सगळी उपासाची थाळी पोटॅशियमनं भरलेली. श्रावणी सोमवारी उपास करून मंगळवारी डायलिसिसला आलेल्या बाईचा ईसीजी बघून आमच्या डॉक्टरांचे हात गार पडले होते. त्या बाईला उपास सोडायला नको होता, तिला वरीचे तांदूळ, राजगिरा किती खायचा आणि रताळं का नको, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. जैन बायका चौविहार (सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य) पाळत असतील तर रात्री नऊची गोळी सूर्यास्ताआधी बसते का, हे डॉक्टरांना विचार. बऱ्याच गोळ्यांचं बसतं. कॅप्सूलचं वेष्टन बहुतेक वेळा जनावरांपासूनच्या जिलेटिनचं असतं, कुणी विचारलं तर खोटं बोलू नकोस. त्याच औषधाची साधी गोळी मिळते का ते फार्मासिस्टला विचारून सांग.

पाचवीची गोष्ट राहिली. सीझर झालेल्या बाईला जननी-शिशू योजनेत सात दिवस मोफत जेवण आहे, म्हणजे पाचवा दिवस वॉर्डातच उजाडतो. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, हे तुला ठाऊक असेल. आमच्याकडे चौथ्या दिवशी 'डामा', म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, घेऊन जाणाऱ्यांची रांग लागायची, टाके ओले असताना. डॉक्टर अंधश्रद्धेवर भाषण द्यायचे, ते ऐकूनही लोक जायचे. एकदा एका आजीला मी विचारलं, "पाचवीला काय काय लागतं तुमच्यात?" त्या मोजायला लागल्या. पाटा-वरवंटा, हळद-कुंकू, कोरा कागद, पेन, दिवा. दिव्यावर अडलं, कारण चार हातांवर ऑक्सिजनचा सिलिंडर. मी म्हटलं, दिवा घरी देवापुढे लावा, इथे बाकीचं करा. पाटा-वरवंट्याऐवजी मावशींनी बाहेरून दोन दगड धुऊन आणले. पाळण्याशेजारी स्टुलावर केसपेपरची मागची कोरी बाजू आणि माझंच लाल-निळं पेन. सकाळी राउंडला डॉक्टर आले, कागद उचलून बघितला आणि म्हणाले, "काहीच लिहिलं नाही." आजी फटकन म्हणाल्या, "तुम्हाला दिसायचं नाही ते." अख्खा वॉर्ड हसला, डॉक्टरही. त्या महिन्यापासून पाचवीसाठी कुणी डामा घेतल्याचं मला आठवत नाही. टीका करणारे म्हणतील, सरकारी वॉर्डात सटवाई पूजली. पूजली नाही, टाके पिकू दिले नाहीत.

पण सगळ्यालाच मान डोलवायची नसते. साप चावलेल्याला मांत्रिकाकडे नेऊन दवाखान्यात आणू न देणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. कुत्रा आणि विंचूही त्यात आहेत. नातेवाईक अंगारा घेऊन आले तर कपाळाला लावू दे, पण सलाइन चालू असताना, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची तपासणी ठेवून झाल्यावर, ड्रेसिंगला हात न लावता. तिथे वाटाघाट नाही. तसंच, "त्या मावशीच्या हातचं पाणी आम्ही घेत नाही" असं एखाद्या घराण्यातल्या बाईनं म्हटलं तर ती रीत म्हणून जपायची नाही. माझ्या वॉर्डात हे एकदा झालं. मी म्हटलं, "इथे पाणी याच मावशी देतात. नको असेल तर नळ व्हरांड्यात आहे." मावशींना दुसऱ्या बेडला बदललं नाही. पेशंटचं मन राखायला आपल्याच माणसाचा अपमान करायचा, ही कुठली संवेदनशीलता?

आणखी एक, याला लोक संस्कृती म्हणतात आणि ती नसते. कुपोषित पोराला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केलेली एक तांड्यावरची बाई तिसऱ्या दिवशी गाठोडं बांधायला लागली. चौदा दिवस राहायचं असतं. स्टाफ म्हणाला, "यांचा दवाखान्यावर विश्वासच नसतो." मी शेजारी बसले. दिवाळी होऊन गेली होती. मुकादमाकडून उचल घेतलेली, परवा ट्रक ऊसतोडीला कारखान्यावर निघणार, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. ती गेली नाही तर कोयता मोडतो, उचल अंगावर बसते. यात बंजारा समाजाची कुठली रीत आली? केंद्रात आईला बुडीत मजुरी मिळते, पण ती उचलीपुढे काय पुरणार. आम्ही कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला फोन केला, चिठ्ठी दिली, आहाराची पाकिटं बांधून दिली. एप्रिलमध्ये पोरगं परत आलं तेव्हा वजन थोडं वाढलं होतं, थोडंच. ज्या वेळी कुणी "यांच्यात असंच असतं" म्हणेल त्या वेळी पैसे, अंतर, घरी राहिलेली शेरडं आणि रात्रीच्या एसटीची वेळ आधी विचार.

आता तुझ्या आजी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया तपासणी यादीत एकोणीस मुद्दे आहेत. पेशंट तोच ना, बाजू तीच ना, ॲलर्जी, श्वासमार्ग, रक्त, मोजणी. माळ त्यात कुठेच नाही. ती ओळ तुमच्या दवाखान्याच्या फॉर्मवरची. त्या ओळीला कारण आहे, कॉटरीनं (ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणानं) धातूपाशी भाजू शकतं, अंगठी सुजेत रुतते, आणि काही चोरीला गेलं तर बोलणी सिस्टर खाते. तुळशीची माळ लाकडाची, दोऱ्यात ओवलेली. काहींच्यात सोन्याचा मणी किंवा तार असते, ते आधी बघ. ऑपरेशन खुब्याचं, माळ गळ्यात. या वयात बहुधा पाठीतून भूल देतील. तरी भूलतज्ज्ञांना मान मोकळी हवी असते, वेळ आली तर नळी घालायला, आणि त्यांचं ते म्हणणं बरोबर आहे.

म्हणून आज दुपारी, जेवणं झाल्यावर, आजींपाशी बस. कात्रीबद्दल आधी माफी माग. माळकऱ्याच्या गळ्यातली माळ तुटली तर दुसरी घालेपर्यंत अन्न न घेणारे लोक आहेत. तू आणलेली कात्री त्यांना कशी दिसली असेल? मग विचार, "आजी, माळ गळ्यातच हवी, का अंगावर असली तरी चालेल?" मला वाटतं त्या म्हणतील अंगावर असली तरी चालेल, पण मी त्यांना ओळखत नाही, उत्तर त्यांचंच घे. मनगटावर दोन वेढे घ्यायचे, सलाइन नसलेल्या हाताच्या, गॉजमध्ये गुंडाळून वरून चिकटपट्टी, घट्ट नाही. माळ डोक्यावरून निघत नसेल तर गाठ आजींनी किंवा मुलानं सोडवायची, आपण नाही. गळ्यातच हवी म्हणाल्या तर गॉजमध्ये धरून पुढून खांद्याकडे चिकटवता येते का, हे भूलतज्ज्ञांना आजच दाखवून घे. ओटीच्या दारात सकाळी नऊला नको. फॉर्मवर 'काढले' खोडून लिही, 'तुळशीची माळ उजव्या मनगटास, धातू नाही, भूलतज्ज्ञांना कळविले', खाली वेळ आणि सही. मुलालाही ते वाचून दाखव.

आणि सोमवारची वाट बघू नका. खुब्याचं फ्रॅक्चर शक्यतो दोन दिवसांत उरकावं लागतं. पडून राहिलं की पाठीला जखमा, छातीत कफ, पायात गुठळ्या, हे या वयात फार झपाट्यानं होतं. ऑर्थोच्या रजिस्ट्रारला आजच सांग, माळेचं मिटलंय, उद्याच्या लिस्टला जागा आहे का बघा. आणि हो, आजींची एकादशी कधी आहे तेही विचारून ठेव, जेवणाच्या ताटावर लिहायला लागेल.